उजळलेल्या वाटेचा पथिक : जिम थॉर्प

खेळाच्या मैदानावर मिळवलेली कीर्ती अल्पायुषी असते, असा सर्वसाधारण अनुभव आहे. एका पिढीने डोक्यावर घेतलेला खेळाडू पुढच्या पिढीला नावाने आठवतो आणि तिच्याही पुढच्या पिढीला नावानेही आठवत नाही. या नियमाला जे थोडे अपवाद आहेत, त्यांत अमेरिकेच्या जिम थॉर्प यांची गणना करावी लागते. त्यांच्या मृत्यूला सात दशके उलटली. ज्या शाळेच्या वतीने ते खेळले ती शाळा बंद होऊन शतक लोटले. तरीही त्यांच्या पदकांचा वाद २०२२ सालापर्यंत चालला आणि त्यांच्या पार्थिवाचा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या दारापर्यंत गेला. धावपटू म्हणून ऑलिंपिक जिंकलेला हा पुरुष फुटबॉल आणि बेसबॉल या दोन खेळांत व्यावसायिक म्हणून उतरला. या दुहेरी गुणवत्तेनेच त्याला वर चढवले आणि त्यातल्याच एका खेळाने त्याचा घात केला.

१८८७ सालच्या मे महिन्यात, आज ओक्लाहोमा राज्यात मोडणाऱ्या आणि त्या काळी इंडियन टेरिटरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशात जिम यांचा जन्म झाला. अमेरिकेतील ज्या मूळ रहिवाशांना आपल्याकडे पूर्वी सर्रास रेड इंडियन म्हणत, त्यांच्यापैकी सॅक अँड फॉक्स या जमातीतले हे कुटुंब. वडील हायरम थॉर्प यांच्या अंगात आयरिश आणि सॅक अँड फॉक्स असे दोन्ही रक्त होते. आई शार्लट व्ह्यू ही पोटावाटोमी आणि फ्रेंच अशा मिश्र कुळातली, धर्माने कॅथलिक. जन्मानंतर मुलाला वाथोहुक असे जमातीचे नाव मिळाले. विजेच्या प्रकाशात उजळून निघालेली वाट, असा त्याचा आशय सांगतात. पुढच्या आयुष्यात विजेचा लखलखाट आणि त्यानंतरचा काळोख दोन्ही या मुलाच्या वाट्याला इतक्या विपुल प्रमाणात आले की, नाव ठेवणाऱ्यांना भविष्य दिसत होते की काय, असे वाटावे.

जिम यांच्याबरोबर चार्ली हा जुळा भाऊ जन्मला होता. घोड्यावर बसणे, शिकार करणे, ओढ्यात पोहणे, माळरानावर मैलोगणती धावणे हेच दोघांचे बालपण. याच काळात जमातीच्या पायाखालची जमीन अक्षरशः निसटत होती. १८९१ साली सॅक अँड फॉक्स लोकांना माणशी १६० एकरांचा तुकडा तोडून देण्यात आला आणि उरलेली विस्तीर्ण जमीन गोऱ्या वसाहतवाल्यांसाठी खुली करण्यात आली. सामाईक भूमीवर जगणारा समाज कागदोपत्री खातेदार झाला आणि बघता बघता आपल्याच मुलखात अल्पसंख्य ठरला. चार्ली नऊ वर्षांचा असताना न्युमोनियाने दगावला. त्यानंतर जिम शाळेत रमेनासा झाला. शाळेतून पळून घरी यायचे, वडिलांनी पुन्हा पोहोचवायचे, पुन्हा पळायचे, असा क्रम सुरू झाला. म्हणून वडिलांनी त्याला घरापासून दूर, कॅन्सस राज्यातील हॅस्केल येथील वसतिगृहयुक्त शाळेत घातले. काही वर्षांनी आई बाळंतपणात वारली. १९०४ साली जिम पेनसिल्व्हेनिया राज्यातील कार्लाइल इंडियन इंडस्ट्रियल स्कूलमध्ये दाखल झाला आणि त्याच वर्षी वडीलही निवर्तले. सतराव्या वर्षी हा मुलगा पोरका झाला.

कार्लाइलची शाळा समजून घेतल्याशिवाय थॉर्प यांचे आयुष्य समजत नाही. रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने १८७९ साली लष्कराच्या जुन्या बराकींत ती सुरू केली. मूळ रहिवाशांच्या मुलांना त्यांच्या जमातीपासून तोडून गोऱ्या समाजाच्या साच्यात ओतणे, हे तिचे उघड उद्दिष्ट होते. आल्या आल्या मुलांचे केस कापले जात, अंगावर गणवेश चढे, नावे बदलली जात आणि मातृभाषेत बोलण्यास मज्जाव असे. अर्धा दिवस पुस्तकी शिक्षण आणि अर्धा दिवस सुतारकी, शिंपीकाम, रंगकाम, शेतीकाम असा परिपाठ असे. शिवाय बाहेरच्या गोऱ्या कुटुंबांकडे आणि शेतांवर मुलांना महिनोन्महिने अल्प मजुरीवर राबायला पाठवीत. थॉर्प यांच्या कार्लाइलमधील पहिल्या वर्षांचा बराचसा काळ असाच परक्यांच्या शेतांवर गेला. या शाळेच्या आवारात मुलांचे एक कब्रस्तानही होते. घरी परत न गेलेल्या कितीतरी कोवळ्या जिवांची नोंद तेथल्या दगडांवर आहे.

आणि तरीही याच शाळेचा फुटबॉल संघ अमेरिकेत नामांकित होता. आपल्याकडे फुटबॉल म्हणतात तो हा खेळ नव्हे. लांबोळका चेंडू छातीशी धरून प्रतिस्पर्ध्यांची फळी फोडीत धावायचे, त्यांनी त्याला जमिनीवर लोळवायचे आणि संधी मिळताच चेंडू लाथेने गोलखांबांवरून उडवायचा, असा हा अमेरिकन फुटबॉल अंगमेहनतीचा आणि दुखापतींचा खेळ आहे. कार्लाइलची पातळी खरे पाहता माध्यमिक व धंदेशिक्षणाच्या शाळेची, पण तिचा संघ हार्वर्ड, पेनसिल्व्हेनिया यांसारख्या धनाढ्य विद्यापीठांशी बरोबरीने झुंजत असे. या संघाचे प्रशिक्षक ग्लेन वॉर्नर, ज्यांना सारे पॉप वॉर्नर म्हणत, हे त्या खेळातील डावपेचांचे मोठे जाणकार होते. सामन्यांच्या तिकिटांतून शाळेला चांगले उत्पन्न मिळे.

थॉर्प त्यांच्या नजरेत कसे भरले, याची कथा अनेकदा सांगितली गेली आहे. १९०७ च्या वसंत ऋतूत शाळेचे खेळाडू उंच उडीचा सराव करीत होते. आडवी दांडी ५ फूट ९ इंचांवर होती आणि ती कुणालाच ओलांडता येत नव्हती. कामाच्या जाड कपड्यांत तेथून जाणाऱ्या थॉर्प यांनी आपणही प्रयत्न करू का, असे विचारले आणि पहिल्याच उडीत दांडी पार करून ते आपल्या वाटेने निघून गेले. दुसऱ्या दिवशी वॉर्नर यांनी बोलावणे धाडले, तेव्हा आपल्या हातून काही अपराध घडला की काय, अशी धास्ती त्यांना वाटली. फुटबॉलसाठी मात्र वॉर्नर त्यांना सहजी घेईनात. इतका गुणी धावपटू जायबंदी होईल, ही त्यांना भीती होती. अखेर सरावात चेंडू हाती देऊन त्यांना सबंध संघाच्या अंगावर सोडले, तर थॉर्प सगळ्यांना चुकवीत, आडवे पाडीत पलीकडे पोहोचले. त्यानंतर त्यांची निवड हा चर्चेचा विषय उरला नाही.

१९०९ च्या उन्हाळ्यात कार्लाइलचे काही विद्यार्थी नॉर्थ कॅरोलिना राज्यात गेले. तेथे ईस्टर्न कॅरोलिना लीग नावाची दुय्यम दर्जाची बेसबॉल स्पर्धा चाले. चरितार्थापुरते पैसे मिळत आणि शेतावर राबण्यापेक्षा चेंडूमागे धावणे सुखाचे होते. थॉर्प १९०९ आणि १९१० असे दोन उन्हाळे रॉकी माउंट आणि फेएटव्हिल या गावांच्या संघांतून खेळले. सुटीत असे पैसे घेऊन खेळणारे महाविद्यालयीन तरुण त्या काळी शेकड्यांनी होते. त्यांतले चतुर लोक खोटी नावे धारण करीत, म्हणजे विद्यापीठाच्या संघातील जागाही शाबूत राही. थॉर्प यांना ही युक्ती सुचली नाही, किंवा तिची गरज वाटली नाही. ते आपल्या खऱ्या नावाने खेळले. हीच गोष्ट पुढे त्यांना महागात पडली.

१९११ साली वॉर्नर यांनी त्यांना कार्लाइलला परत बोलावले आणि पुढची दोन वर्षे अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉलच्या इतिहासात थॉर्प यांची म्हणून गणली जातात. नोव्हेंबर १९११ मध्ये बलाढ्य हार्वर्डविरुद्ध त्यांच्याच मैदानावर सामना झाला. थॉर्प यांचा पाय दुखावलेला होता व त्याला पट्ट्या बांधलेल्या होत्या. त्याच अवस्थेत त्यांनी चार वेळा चेंडू लाथेने गोलखांबांपार केला. त्यांतला निर्णायक फटका ४८ यार्डांवरून मारलेला होता. कार्लाइलने हार्वर्डला १८-१५ असे नमवले. त्या वर्षीच्या बारा सामन्यांपैकी अकरा या संघाने जिंकले. १९१२ च्या हंगामात वेस्ट पॉइंट येथील लष्करी अकादमीच्या संघाचा त्यांनी २७-६ असा धुव्वा उडवला. ज्यांच्या सैन्याने आपल्या बापजाद्यांना हुसकून लावले, त्या सैन्याच्या भावी अधिकाऱ्यांशी मैदानावर दिलेली ही झुंज कार्लाइलच्या मुलांना साध्या सामन्यासारखी वाटली नसणार. त्या दिवशी थॉर्प यांना अडवण्याच्या खटपटीत गुडघा दुखावून घेणारा एक लष्करी छात्र होता ड्वाइट आयझेनहॉवर. तोच पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. १९११ आणि १९१२ या दोन्ही वर्षी देशातील सर्वोत्तम महाविद्यालयीन फुटबॉलपटूंच्या मानाच्या यादीत थॉर्प यांचे नाव होते.

या दोन हंगामांच्या मधल्या उन्हाळ्यात स्टॉकहोमचे ऑलिंपिक सामने झाले. त्या वर्षी पाच प्रकारांची पेंटॅथ्लॉन आणि दहा प्रकारांची डेकॅथ्लॉन अशा दोन नव्या स्पर्धा होत्या. धावणे, उड्या मारणे आणि फेकणे या तिन्ही कौशल्यांत जो निष्णात, त्याचाच तेथे पाड लागे. ७ जुलै १९१२ रोजी, एकाच दिवसात झालेल्या पेंटॅथ्लॉनमध्ये थॉर्प यांनी लांब उडी, २०० मीटर धावणे, थाळीफेक आणि १५०० मीटर धावणे या चार प्रकारांत पहिला क्रमांक मिळवला. भाला त्यांनी काही महिन्यांपूर्वीच प्रथम हाती घेतला होता, त्यात ते तिसरे आले. सुवर्णपदक निर्विवादपणे त्यांचे झाले आणि नॉर्वेचे फर्डिनांड बी दुसरे राहिले.

१३ ते १५ जुलै असे तीन दिवस डेकॅथ्लॉन चालली. मध्येच थॉर्प यांचे बूट नाहीसे झाले आणि कुठून तरी मिळवलेले दोन वेगवेगळे बूट पायांत घालून ते उतरले, असे सांगतात. एका पायात एक आणि दुसऱ्यात दुसराच बूट असलेले त्यांचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. १०० मीटर ११.२ सेकंदांत, उंच उडी १ मीटर ८७ सेंटिमीटर, ११० मीटर अडथळ्यांची शर्यत १५.६ सेकंदांत आणि सर्वांत शेवटी, अंग गळून गेलेले असताना, १५०० मीटर ४ मिनिटे ४०.१ सेकंदांत, अशी ही कामगिरी होती. गोळाफेक, उंच उडी, अडथळ्यांची शर्यत आणि १५०० मीटर या चारांत ते पहिले होते. तत्कालीन कोष्टकानुसार त्यांचे ८४१२ गुण झाले. दुसऱ्या क्रमांकावरील यजमान स्वीडनच्या ह्यूगो वीसलंडर यांना ७७२४ गुण मिळाले. जवळजवळ ७०० गुणांचे हे अंतर पाहून जाणकार थक्क झाले. राजे पाचवे गुस्ताव्ह यांनी पारितोषिक देताना जगातील सर्वश्रेष्ठ क्रीडापटू म्हणून त्यांचा गौरव केला. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर त्यांची मिरवणूक निघाली आणि कार्लाइलमध्येही जंगी स्वागत झाले. त्या स्वागतात १०,००० मीटर शर्यतीत रौप्यपदक मिळवणारे होपी जमातीचे लुई तेवानिमा हे त्यांचे शाळासोबतीही होते. आपल्याच देशात ज्यांच्या समाजाला सरसकट नागरिकत्व १९२४ साली मिळाले, त्या समाजाचे दोन तरुण १९१२ साली अमेरिकेचा झेंडा उंचावून आले होते.

हे वैभव सहा महिने टिकले. जानेवारी १९१३ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील एका वृत्तपत्राने थॉर्प यांच्या नॉर्थ कॅरोलिनातील बेसबॉलची हकीगत छापली. त्या काळी ऑलिंपिक सामने केवळ हौशी खेळाडूंसाठी होते आणि कोणत्याही खेळातून एक पैसाही घेतलेला मनुष्य हौशी समजला जात नसे. या नियमाचे मूळ इंग्लंडातील सरदार-जमीनदारांच्या समजुतीत होते. ज्याला पोटासाठी काम करावे लागत नाही, तोच निर्मळ मनाने खेळू शकतो, असे त्या वर्गाने मानले होते. स्टॉकहोमलाच जॉर्ज पॅटन यांच्यासारखे पगारी लष्करी अधिकारी मॉडर्न पेंटॅथ्लॉनमध्ये उतरले होते आणि त्यात कोणाला वावगे दिसले नाही. बेसबॉलमधील तुटपुंज्या मिळकतीचा उंच उडीशी अथवा गोळाफेकीशी संबंध काय, हा प्रश्नही कोणी विचारला नाही.

थॉर्प यांनी काही लपवले नाही. अमेरिकेच्या हौशी क्रीडा संघटनेला, म्हणजे अ‍ॅमॅच्युअर अ‍ॅथ्लेटिक युनियनला, त्यांनी पत्र पाठवून सारे कबूल केले. आपण एक साधा आदिवासी शाळकरी मुलगा होतो, इतर मुले जे करीत तेच आपण केले, फक्त आपण खोटे नाव घेतले नाही, असा त्या पत्राचा आशय होता. त्या पत्रामागे वॉर्नर यांचा हात असावा, असे अनेक चरित्रकारांना वाटते. स्वतः वॉर्नर आणि शाळेचे अधीक्षक यांनी मात्र आपल्याला या प्रकाराची गंधवार्ताही नव्हती, असे जाहीर केले. आपला सर्वांत नामांकित खेळाडू दोन वर्षे कुठे होता, हे प्रशिक्षकाला ठाऊक नसावे, यावर विश्वास ठेवणे कठीण आहे. विद्येच्या मोबदल्यात अंगठा मागणाऱ्या गुरूची कथा आपण महाभारतात वाचतो. येथे गुरूने स्वतःचा अंगठा वाचवण्यासाठी शिष्याचा पुढे केला, एवढेच म्हणता येईल. ऑलिंपिक समितीने थॉर्प यांची नावे नोंदवहीतून काढून टाकली. पदके आणि चषक परत मागवले गेले. विजेतेपदे बी आणि वीसलंडर यांना बहाल झाली. वीसलंडर यांनी थॉर्प हेच खरे विजेते, ही आपली भूमिका कधी सोडली नाही.

या सगळ्या घाईत एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाले. खेळाडूच्या पात्रतेविषयी हरकत घ्यायची असल्यास ती सामने संपल्यापासून तीस दिवसांच्या आत घेतली पाहिजे, असे स्टॉकहोमच्या नियमपुस्तिकेतच छापलेले होते. सहा महिन्यांनी आलेली तक्रार मुळात विचारात घेण्याजोगी नव्हती. परंतु ती पुस्तिका उघडून पाहण्याची तसदी कोणी घेतली नाही.

हौशी हा किताब गेल्यावर व्यावसायिक होण्याची वाट मोकळी झाली. १९१३ मध्येच जॉन मॅग्रॉ यांच्या न्यूयॉर्क जायंट्स या विख्यात बेसबॉल संघाने थॉर्प यांना करारबद्ध केले. त्याच वर्षी कार्लाइलची विद्यार्थिनी आयव्हा मिलर हिच्याशी त्यांचा विवाह झाला. हनिमूनच्या निमित्ताने नवदांपत्य संघाबरोबर जगप्रवासाला निघाले. जायंट्स आणि शिकागो व्हाइट सॉक्स हे दोन संघ १९१३-१४ च्या हिवाळ्यात जपान, चीन, फिलिपाइन्स, ऑस्ट्रेलिया, सिलोन, इजिप्त करीत युरोपात गेले. म्हणजे हिंदुस्थानच्या पायथ्याशी, कोलंबोपर्यंत थॉर्प येऊन गेले होते. जेथे बेसबॉल कोणाला कळत नव्हता, तेथेही ऑलिंपिकवीर म्हणून त्यांना पाहायला लोक जमत.

बेसबॉलमध्ये मात्र त्यांना फुटबॉलइतके यश लाभले नाही. वळणाऱ्या चेंडूपुढे ते अडखळतात, असा बोलबाला झाला. शिस्तीचे कडक मॅग्रॉ त्यांना बहुधा बाकावरच बसवून ठेवीत आणि न खेळणाऱ्याचा हात बसणार तरी कसा? तरीही १९१३ ते १९१९ या काळात सर्वोच्च पातळीवर ते २८९ सामने खेळले. २ मे १९१७ रोजी शिकागो येथे एक अपूर्व सामना झाला. दोन्ही बाजूंच्या गोलंदाजांनी नऊ डावांपर्यंत प्रतिपक्षाला एकही यशस्वी फटका मारू दिला नाही. दहाव्या डावात सिनसिनाटीकडून खेळणाऱ्या थॉर्प यांनी हलकेच टोलवलेल्या चेंडूवर सामन्याची एकमेव धाव निघाली. १९१९ साली बॉस्टनकडे गेल्यावर नियमित संधी मिळाली, तेव्हा फलंदाजीची त्यांची वर्षाची सरासरी .३२७ झाली. या खेळातील सर्वोच्च पातळीवरचे ते त्यांचे सर्वोत्तम वर्ष आणि तेच अखेरचे.

उन्हाळा बेसबॉलचा आणि हिवाळा फुटबॉलचा, अशी त्यांच्या वर्षाची वाटणी झाली होती. १९१५ साली ओहायो राज्यातील कँटन बुलडॉग्ज या संघाने त्यांना सामन्याला २५० डॉलर देऊ केले. व्यावसायिक फुटबॉल तेव्हा बाल्यावस्थेत होता. गावोगावचे संघ, अनियमित सामने आणि जुगाराची सावली, असे त्याचे रूप होते. कँटनची चाल अनेकांना वेडेपणाची वाटली. परंतु थॉर्प यांच्या नावावर प्रेक्षकांची रीघ लागली आणि पैसे वसूल झाले. १९१६, १९१७ आणि १९१९ या वर्षी कँटनला अनधिकृत जगज्जेतेपद मिळाले. सप्टेंबर १९२० मध्ये कँटनमधील एका मोटारविक्रीच्या दालनात संघमालकांची बैठक भरली व एक संघटना स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्षपद थॉर्प यांना देण्यात आले. कारभारातील कौशल्यापेक्षा नावाचे वजन पाहून ही निवड झाली, हे उघड होते. तीच संघटना १९२२ पासून नॅशनल फुटबॉल लीग या नावाने ओळखली जाऊ लागली. आज जगातील अतिश्रीमंत क्रीडासंस्थांत तिची गणना होते.

उतरणीच्या काळातील एक प्रसंग मात्र मनाला बोचतो. १९२२ आणि १९२३ साली थॉर्प यांनी ओहायोतील लारू या छोट्या गावाच्या ऊरँग इंडियन्स संघाचे नेतृत्व केले. संघातील सर्व खेळाडू मूळ रहिवासी होते. मालकाचा धंदा एअरडेल जातीची कुत्री विकण्याचा होता आणि संघ हे त्याच्या जाहिरातीचे साधन होते. मध्यंतरात या खेळाडूंनी पिसांचे साज घालून नाच करावेत, कुत्र्यांची कसरत दाखवावी, अशी अपेक्षा असे. सामने बहुधा हरलेच जात. जगातील सर्वश्रेष्ठ क्रीडापटू तमाशातील पात्र झाला होता. १९२८ साली, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, शिकागो कार्डिनल्सकडून खेळून त्यांनी मैदान सोडले.

घरचे सुखही टिकले नव्हते. पहिला मुलगा जिम ज्युनिअर अगदी लहानपणी गेला. तो घाव थॉर्प यांच्या अंतःकरणात खोलवर उतरला. सततचा प्रवास आणि दारू यांनी संसार मोडला. पुढे आणखी दोन विवाह झाले. मुलांचे ते लाडके होते, पण घरात क्वचितच असत. आर्थिक मंदीच्या वर्षांत त्यांनी लॉस एंजेलिसमध्ये कुदळफावडे घेऊन खोदकाम केले, चित्रपटांत फुटकळ कामे केली. आदिवासी पात्रे आदिवासी नटांनीच रंगवावीत, गोऱ्यांना रंग फासून उभे करू नये, यासाठी त्यांनी आग्रह धरला. १९३२ चे ऑलिंपिक सामने याच शहरात भरले, तेव्हा तिकिटाला त्यांच्याजवळ पैसे नव्हते. ही वार्ता पसरल्यावर उपराष्ट्राध्यक्ष चार्ल्स कर्टिस यांनी, जे स्वतः कॉ जमातीचे वंशज होते, त्यांना आपल्या कक्षात बसवून घेतले. स्टेडियममधील जनसमुदायाने उभे राहून त्यांना मानवंदना दिली. महायुद्धाच्या अखेरीस, अठ्ठावन्नाव्या वर्षी, ते दारूगोळा वाहून नेणाऱ्या व्यापारी जहाजावर कामाला लागले होते.

१९५० साली असोसिएटेड प्रेसने अमेरिकेतील क्रीडापत्रकारांचा कौल घेतला, तेव्हा अर्धशतकातील सर्वोत्तम फुटबॉलपटू आणि सर्वोत्तम क्रीडापटू, असे दोन्ही मान थॉर्प यांनाच मिळाले. १९५१ साली त्यांच्या जीवनावर चित्रपट निघाला, त्यात बर्ट लँकेस्टर यांनी त्यांची भूमिका केली. त्याच वर्षी ओठाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया करून घेताना मात्र त्यांना धर्मादाय रुग्ण म्हणून दाखल व्हावे लागले. २८ मार्च १९५३ रोजी कॅलिफोर्नियातील लोमिटा येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

मरणानेही विसावा दिला नाही. ओक्लाहोमात जमातीच्या रिवाजाप्रमाणे अंत्यविधी चालू असतानाच त्यांच्या तिसऱ्या पत्नीने पार्थिव तेथून हलवले. राज्य सरकारकडून स्मारकासाठी पैसा मिळाला नाही. अखेर पेनसिल्व्हेनियातील मॉक चंक आणि ईस्ट मॉक चंक ही कोळशाच्या व्यापारावर वाढलेली व आता ओस पडू लागलेली दोन गावे पुढे आली. स्मारकामुळे पाहुणे येतील या आशेने १९५४ साली दोन्ही गावे एक झाली आणि त्यांनी जिम थॉर्प हेच नाव धारण केले. तेथे लाल संगमरवरी पेटीखाली, ओक्लाहोमाच्या आणि स्टॉकहोमच्या मातीसह ते विसावले आहेत. पित्याला आपल्या माणसांत नेण्यासाठी पुत्राने २०१० साली दावा लावला. २०१३ मध्ये खालच्या न्यायालयाने कौल दिला, २०१४ मध्ये वरच्या न्यायालयाने तो फिरवला आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लक्ष घालण्यास नकार दिला.

पदकांचा लढा मात्र वेगळ्या रीतीने सुटला. त्यांच्या हयातीत व नंतरही अर्ज-विनंत्या झाल्या. पण १९५२ ते १९७२ या काळात आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष असलेले एव्हरी ब्रंडेज नियमाला चिकटून राहिले. हेच ब्रंडेज १९१२ साली स्टॉकहोमला त्याच दोन स्पर्धांत उतरले होते आणि थॉर्प यांच्या बरेच मागे राहिले होते. त्यांच्या निवृत्तीनंतर १९७३ साली अमेरिकेच्या हौशी क्रीडा संघटनेने थॉर्प यांचा हौशी दर्जा मरणोत्तर परत दिला. खरी कलाटणी मिळाली ती एका पुस्तकालयातून. थॉर्प यांचे चरित्रकार रॉबर्ट व्हीलर यांच्या पत्नी फ्लॉरेन्स रिडलन यांना वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये १९१२ ची ती नियमपुस्तिका सापडली. तीस दिवसांच्या मुदतीचे कलम तिच्यात स्वच्छ छापलेले होते. सत्तर वर्षे जी गोष्ट भावनेच्या आधाराने मागितली जात होती, ती आता कायद्याच्या आधाराने मागता आली. ऑक्टोबर १९८२ मध्ये समितीने निर्णय फिरवला आणि जानेवारी १९८३ मध्ये पदकांच्या प्रतिकृती थॉर्प यांच्या मुलांच्या हाती दिल्या. तरीही नोंदवहीत त्यांना सहविजेता असेच स्थान मिळाले. पुढील दशकात ऑलिंपिकची दारे व्यावसायिकांना खुली झाली आणि १९९२ साली बार्सिलोनात अमेरिकेचे कोट्यधीश बास्केटबॉलपटू खेळले, तेव्हाही कॅरोलिनातील त्या दोन उन्हाळ्यांचा डाग पुरता पुसलेला नव्हता. तो पुसला १५ जुलै २०२२ रोजी. स्वीडन आणि नॉर्वे या दोन्ही देशांच्या क्रीडासंस्थांच्या संमतीने, वीसलंडर यांच्या वारसांचाही होकार घेऊन, जिम थॉर्प हेच दोन्ही स्पर्धांचे एकमेव विजेते, असे समितीने जाहीर केले. डेकॅथ्लॉन जिंकल्याला त्या दिवशी बरोबर ११० वर्षे झाली होती. मे २०२४ मध्ये अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मानही त्यांना मरणोत्तर देण्यात आला.

ज्याच्यासाठी हे सारे झाले, तो ते पाहायला नव्हता. सत्तर वर्षे एका चोपडीतील एक कलम कोणी वाचले नाही, म्हणून एका माणसाला आपल्या हक्काच्या गोष्टीवाचून मरावे लागले. ती चोपडी फडताळात जपून ठेवलेली होती, म्हणून त्याच्या मुलाबाळांना न्याय मिळू शकला. पुस्तके जतन करणाऱ्यांनी आणि ती उघडून वाचणाऱ्यांनी, दोघांनीही थॉर्प यांच्या चरित्रातून एवढा बोध अवश्य घ्यावा.